खाली घेतलेली दांडी

दया करावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. ती कशी करावी, हे मात्र कोणी शिकवीत नाही. कारण दया ही मनात उपजणारी गोष्ट आहे आणि ती एकदा उपजली की पुढचे सारे आपोआप नीट होते, अशी आपली समजूत असते. माझीही ती होती. गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले त्याने ती मोडली. घटना म्हणून पाहिली तर ती अगदी लहान आहे: पडवीतली धुणे वाळत घालायची दांडी मी हातभर खाली घेतली. परंतु त्या हातभर अंतरात एक नैतिक प्रश्न दडलेला होता. तो अजूनही पुरता सुटला आहे असे मला वाटत नाही. वाचकांपुढे तो मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे घर वाईचे, जुन्या बांधणीचे. माजघरामागच्या पडवीत, आढ्याखाली, बांबूची एक लांब दांडी टांगलेली आहे. पावसाळ्यात आमच्याकडे चार-चार दिवस ऊन पडत नाही. तेव्हा सगळ्या घराचे धुणे तिच्यावर असते. पिळलेले पातळ काठीने वर चढवायचे, टाचा उंचावून दोन्ही हातांनी ते पसरायचे, काठाला काठ जुळवून चुण्या काढायच्या, हे काम चाळीस वर्षे माझ्या वहिनींचे. थोरले बंधू गेले, मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला राहिला, घरात कपडे धुण्याचे यंत्र आले. पण दांडी वहिनींचीच राहिली. दुसऱ्या कोणी वाळत घातलेले कपडे त्या काही न बोलता पुन्हा उतरवीत आणि पुन्हा घालीत.

गेल्या वर्षी वहिनींना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. मुंबईला शस्त्रक्रिया झाली. स्तनाबरोबर उजव्या काखेतल्या लसिकाग्रंथीही काढाव्या लागल्या. नळी निघाली, टाके निघाले, आणि आम्ही त्यांना घरी घेऊन आलो. रसायनोपचारांची गरज नव्हती; पाच-सहा आठवड्यांनी किरणोपचार तेवढे सुरू व्हायचे होते. सारे ठरल्यासारखे चालले होते. तिसऱ्या आठवड्यात मात्र वहिनी उजवे कोपर कमरेशी घट्ट धरून घरात वावरू लागल्या. विचारले तर म्हणाल्या, "काही नाही हो, अंग जड झालंय." आठ दिवस असेच गेले. मग एका सकाळी त्यांनी माझ्या पत्नीला अंबाडा घालून द्यायला सांगितले. ज्या बाईने उभ्या आयुष्यात आपल्या केसांना दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता, तिने हे सांगावे, याचाच हिला धक्का बसला. हिने पदर बाजूला करून पाहिले. काखेपासून दंडाच्या आतल्या अंगाने कोपरापर्यंत कातडीखाली दोन-तीन दोऱ्या ताणून बसल्या होत्या. हात जरा वर नेला की त्या पिंजाऱ्याच्या तातीसारख्या उभ्या राहत आणि वहिनींचा चेहरा पांढरा पडे. "ते परत आलंय गं," वहिनी म्हणाल्या. "कुणाला बोलू नकोस. नातवाची परीक्षा होऊ दे."

आठ दिवस त्या घरात आमच्याबरोबर जेवत होत्या, देवापुढे दिवा लावीत होत्या, आणि मनाशी मरणाची तारीख मोजीत होत्या.

हे हिने मला सांगितले तेव्हा मला काही सुचेना. मुंबईला फोन करून मी दोन दिवसांनंतरची वेळ घेतली. पण दोन दिवस स्वस्थ बसवेना. काहीतरी केले पाहिजे असे वाटले, म्हणून त्याच संध्याकाळी सुताराला बोलावून मी ती दांडी हातभर खाली घ्यायला लावली. वहिनींना हात उचलावा लागू नये, एवढाच माझा विचार. सकाळी त्या पडवीत आल्या. दांडी आता त्यांच्या कपाळाच्या पातळीला आली होती. त्यांनी बांबूवरून डावा हात फिरविला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "म्हणजे ठरलं म्हणायचं, भाऊजी."

काय ठरले, हे मला त्या क्षणी कळले नाही. कळले तेव्हा माझीच मला लाज वाटली.

रोग परत आला नव्हता. डॉक्टरांनी हात लावून पाहताच सांगितले, की याला अ‍ॅक्सिलरी वेब सिंड्रोम म्हणतात. काखेत जाळे धरल्यासारखे दिसते म्हणून हे नाव, आणि दोऱ्या दिसतात म्हणून बोलण्यात नुसते कॉर्डिंगही म्हणतात. काखेतल्या ग्रंथी काढताना तिथल्या बारीक लसिकावाहिन्या आणि शिरा तुटतात. त्यांतला प्रवाह अडतो, आतला द्रव साकळतो, आणि त्या वाहिन्या व त्यांच्याभोवतीचा भाग घट्ट होऊन आखडतो, असे याचे कारण बहुतेक तज्ज्ञ मानतात. अशी दोरी पुष्कळदा काखेतच राहते. कोणाची कोपरापर्यंत जाते, कोणाची मनगटापर्यंत, तर कोणाची छातीच्या बाजूने खाली उतरते. तिच्यात कर्करोग नसतो. ती दिसायला भयंकर आणि दुखायला खरी असते, पण ती मारीत नाही.

या दुखण्याला वैद्यकाच्या ग्रंथांत हे नाव केव्हा मिळाले, हे मी पुढे शोधले आणि चकित झालो. २००१ साली अमेरिकेतील मॉस्कोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ७५० स्त्रियांच्या नोंदी तपासून त्यांतल्या ४४ जणींमध्ये हा विकार आढळल्याचे लिहिले आणि त्याला हे नाव दिले. शस्त्रक्रियेनंतर एक ते आठ आठवड्यांत तो दिसू लागतो, असे त्यांना आढळले. पुढे ज्यांनी मुद्दाम हात लावून, हात वर करवून तपासले, त्यांना हे प्रमाण पुष्कळ मोठे दिसले. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढलेल्या स्त्रियांत तर काही अभ्यासांत निम्म्याहूनही अधिक. आता असे पाहा: काखेतल्या ग्रंथींसह स्तन काढण्याची हॉल्स्टेड यांची प्रसिद्ध शस्त्रक्रिया १८९४ साली लेखरूपाने जगापुढे आली. तेव्हापासून २००१ पर्यंत शंभरावर वर्षे होतात. या शंभर वर्षांत दोऱ्या नव्हत्या असे कसे म्हणावे? दोऱ्या होत्या, त्या सोसणाऱ्या बायकाही होत्या. विकाराला हे स्वतःचे नाव तेवढे नव्हते. आणि ज्या दुखण्याला नाव नसते ते दुखणे सांगणाऱ्या माणसाकडे जग कोणत्या नजरेने पाहते, हे आपण सारेच जाणतो.

नाव मिळाल्यानंतरही ते वाईच्या पडवीपर्यंत पोचले नाही, ही आणखी एक गोष्ट. वहिनींना घरी सोडताना औषधांची यादी मिळाली होती, जखम कशी धुवायची हे सांगितले होते. 'काही आठवड्यांनी काखेत दोऱ्या उठतील, भिऊ नका, आम्हांला कळवा,' एवढे एक वाक्य मात्र कोणी बोलले नव्हते. त्या वाक्याला खर्च नव्हता, यंत्र लागत नव्हते. ते नव्हते म्हणून एक बाई आठ दिवस मरणाच्या सोबतीत राहिली. यात एका माणसाला धरून दोष देण्यात अर्थ नाही. दोरी उठते ती रुग्ण घरी गेल्यावर. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत ती क्वचितच उठते. पण म्हणूनच आधी सांगण्याचे कर्तव्य अधिक मोठे होते. जे आपल्यासमोर घडणार नाही त्याचीही जबाबदारी आपल्यावर असते, आणि त्या ठिकाणी सांगून ठेवणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी दांडी खाली घेतली ती दयेने; यात मला आजही संशय नाही. मग तिच्यात चूक कोणती? माझा हिशेब सरळ होता: हात वर नेला की दुखते, दुखणे वाईट, म्हणून हात वर न्यावा लागू नये. या हिशेबातली चूक आपल्या भाषेतच सापडते. मराठीत 'दुखणे' आणि 'दुखापत' हे दोन शब्द आहेत आणि ते एक नव्हेत. दुखापत झाली की बहुधा दुखते. पण दुखले की दुखापत होतेच असे नाही. पहिल्यांदा पोहायला गेलेल्या मुलाचे अंग दुसऱ्या दिवशी दुखते. त्याला दुखापत झालेली नसते. वहिनींच्या काखेतल्या दोरीचेही तसेच होते. ती बेताने ताणताना दुखत होती; त्या ताणण्याने इजा होत नव्हती. इजा होत होती ती न ताणण्याने. पोटाशी धरून ठेवलेला हात खांद्यात आखडत जातो, छाती आत वळते, पाठ वाकते, आणि दोरी गेल्यावरही हात त्या वळणातून बाहेर येत नाही. माझ्या दयेने दुखणे टाळले आणि दुखापतीला घरात जागा करून दिली.

ही चूक फक्त घरच्या माणसांची नव्हे. तज्ज्ञांच्या दयेनेही ती केली आहे. काखेतल्या ग्रंथी काढल्या की पुढे कधीही हाताला सूज धरण्याचा धोका असतो, आणि ती सूज हट्टी असते. तेव्हा अशा स्त्रियांनी त्या हाताने जड उचलू नये, तेच ते जोराचे काम करू नये, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जात होता. सल्ला सद्हेतूचा होता, पण त्याची परीक्षा कोणी घेतली नव्हती. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात डॉन मॅकेन्झी नावाच्या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ स्त्रियांना एका लांब नावेत बसविले आणि हातांत वल्ही दिली. वल्हविणे म्हणजे नेमके जे करू नका म्हणून सांगितले होते तेच. त्या हंगामात एकीलाही नव्याने सूज आली नाही. पुढे २००९ साली कॅथरिन श्मिट्झ यांनी अमेरिकेत, हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. देखरेखीखाली बेताबेताने वजने उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट ती एकाएकी बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. किती बायकांनी किती वर्षे कडेवर नातू घेतला नाही, विहिरीवरून कळशी आणली नाही, आणि आपण आता कामाच्या राहिलो नाही असे मानून घेतले, याचा हिशेब कोठेही मांडलेला नाही.

येथे कोणी एक चांगला आक्षेप घेईल, आणि तो मीही स्वतःशी घेतला. मॉस्कोविट्झ यांच्याच नोंदींप्रमाणे बहुतेकींचा हा त्रास दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतो. म्हणजे काळ हे काम करणारच आहे. जे काळ करणार आहे त्यासाठी जिने आधीच पुष्कळ सोसले तिला आणखी का सोसायला लावावे? दैव आणि प्रयत्न यांचा जुना वाद आपल्याकडे नेहमी दुर्दैवाच्या संदर्भात मांडला जातो; दैव प्रतिकूल असेल तरी प्रयत्न करावा, असे आपण म्हणतो. पण दैव अनुकूल असेल तर? आपोआप बरे होणारच असेल तर प्रयत्नाला अर्थ काय?

याचे पहिले उत्तर व्यवहारातले आहे. काळाला आपले वेळापत्रक असते, पण रोगालाही त्याचे असते. किरणोपचारासाठी बहुधा रुग्णाला पाठीवर निजवून हात डोक्यावर वर ठेवावा लागतो; तसा तो काही मिनिटे निश्चल राहिला पाहिजे, आणि दिवसांमागून दिवस त्याच जागी राहिला पाहिजे. वहिनींचा हात खांद्याच्या रेषेपर्यंतही जात नव्हता. दोरी आपोआप जाईपर्यंत वाट पाहायची तर ज्या उपचाराने मूळ रोगाला अटकाव करायचा तोच लांबणीवर पडायचा. मी जी दांडी खाली घेतली होती तिच्यासारखे ते टेबल कोणी खाली घेऊन देणार नव्हते.

दुसरे उत्तर अनुभवाच्या मोजमापाचे. दोऱ्या सगळ्यांच्या दोन-तीन महिन्यांत जातात असे नाही. काहींच्या वर्ष उलटून गेल्यावरही हाताला लागतात, हे नंतरच्या तपासण्यांत दिसले आहे. आणि केवळ या विकारापुरती नव्हे, पण अशा शस्त्रक्रियेनंतर खांदा अडण्याचा धोका ज्यांना अधिक अशा ३९२ स्त्रियांची एक चाचणी ब्रिटनमधल्या १७ केंद्रांत झाली. तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. काहींना नेहमीप्रमाणे माहितीपत्रके दिली. काहींना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांतच सुरू केलेला व्यायाम दिला. वर्षाअखेर दुसऱ्या गटाचे हात अधिक चांगले चालत होते. काळ दोन्ही गटांना सारखाच मिळाला होता.

तिसरे उत्तर मला वहिनींकडे पाहून सुचले, आणि माझ्या दृष्टीने तेच खरे. काळ दोरी विरघळवील, पण त्या मधल्या तीन महिन्यांत ती बाई कोण असेल, हे काळ ठरवीत नाही. वाट पाहत बसलेला माणूस आणि वाट चालणारा माणूस एकाच दिवशी मुक्कामाला पोचले तरी ते एकसारखे पोचत नाहीत. एकाला आपला हात परत मिळतो. दुसऱ्याने तो परत आणलेला असतो. ज्या शरीराने न विचारता आपल्यावर एवढा मोठा डाव टाकला, त्याच्याशी पुन्हा बोलणे सुरू करायचे असते. ते बोलणे रोज दहा मिनिटे भिंतीवर बोटांनी वर चढण्यातूनच सुरू होते.

होय, उपचार म्हणायचा तो इतका साधा आहे. साताऱ्याला आम्हांला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी भेटली; वाईहून एस.टी.ने तासाभराचा रस्ता. तिने सांगितलेले व्यायाम ऐकून मला आधी वाटले, यासाठी का एवढ्या लांब यायचे! भिंतीसमोर उभे राहून मुंगीसारखी बोटे वर न्यायची आणि पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. उताणे निजून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला डोक्याकडे न्यायचे. हात मानेखाली घेऊन कोपरे हळूहळू जमिनीकडे सोडायची. श्वास खोल घ्यायचा, कोंडायचा नाही. आठवड्यातून दोनदा ती स्वतः हात लावी: एका हाताने दंड धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दोरीवरची कातडी हळूच ताणी आणि दोरी सैल पडेपर्यंत थांबे.

आता माझ्या दुसऱ्या चुकीविषयी. पहिली चूक कळल्यावर मी उलट टोकाला गेलो. दया चुकीची ठरली ना, मग शिस्त! मी सकाळ-संध्याकाळ वहिनींच्या मागे उभा राहू लागलो. भिंतीवरच्या खुणांची वही केली. "आणखी दोन बोटे, वहिनी. काल इथपर्यंत आला होतात. सोसायला हवं." सोसण्याचा उपदेश आपल्याकडे बायकांना फार लवकर आणि फार सहज केला जातो, आणि तो करणाऱ्याला आपण काही थोर करीत आहोत असे वाटते. पाचव्या-सहाव्या दिवशी वहिनी मागे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मोजू नका. माझं मी मोजते."

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की दांडी खाली घेताना आणि आकडे मोजताना मी एकच गोष्ट करीत होतो. दोन्ही वेळा हात त्यांचा होता आणि तो किती वर जाईल हे मी ठरवीत होतो. पहिल्या वेळी मी कमी ठरविले, दुसऱ्या वेळी जास्त. दया आणि सक्ती या एकमेकींच्या उलट आहेत असे आपण समजतो; पण दुसऱ्याचे माप आपल्या हाती घेण्याच्या बाबतीत त्या सख्ख्या बहिणी आहेत.

मग मी साताऱ्याच्या त्या मुलीकडे नीट पाहू लागलो. ती माझ्याहून निष्ठुर होती, कारण ती प्रत्यक्ष दुखवीत होती. आणि तरीही वहिनी तिच्यापुढे हात सैल सोडीत. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. दर वेळी दोरी ताणली की ती विचारी, "थांबू?" वहिनी 'थांब' म्हणाल्या की ती तत्क्षणी थांबे, समजूत घालीत नसे, 'थोडंच राहिलंय' म्हणत नसे. आणि आपण थांबवू शकतो हे कळल्यामुळेच वहिनी क्वचित थांबवीत. दुसऱ्याला त्याच्या भल्यासाठी दुखविण्याचा हक्क कोणाला असतो, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला त्या एका शब्दात मिळाले. हक्क ज्ञानाने येत नाही, प्रेमाने येत नाही, नात्याने तर नाहीच. तो समोरचा माणूस देतो, एका वेळेपुरता देतो, आणि हवा तेव्हा परत घेतो.

त्याच मुलीने आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशीच सांगून ठेवली होती. "आजी, एखादे दिवशी काखेत टक् असा आवाज येईल. दोरी तुटल्याचा. घाबरायचं नाही." अशी दोरी मुद्दाम तोडावी की नाही याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, म्हणून तिने ती कधी जोर लावून तोडू पाहिली नाही, घरी कोणी तसे करू नये असेही बजावले, पण ताणताना ती कधी आपणहून तुटते, हे तिला ठाऊक होते. आणि एका दुपारी भिंतीपाशी तसा आवाज झाला. मी धावलो. वहिनी तिथेच उभ्या होत्या. "तुटली वाटतं," म्हणाल्या, जशी पोलक्याची शिवण तुटावी. त्यांनी हात पुन्हा भिंतीवर ठेवला. तो आदल्या खुणेच्या वीतभर वर गेला. मला त्या आधीच्या आठ दिवसांची आठवण झाली. तेव्हा नुसत्या दोरीने त्यांना मरण दिसले होते. आता दोरी तुटल्याच्या आवाजानेही त्या दचकल्या नाहीत. मधल्या काळात कोणीतरी एक वाक्य आधी सांगितले होते, एवढाच फरक.

हेच काम एका बाईने फार पूर्वी ओळखले होते. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीज लॅसर यांचा स्तन शस्त्रक्रियेने काढला गेला. पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी भेटले नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतः शोधले आणि इतर रुग्ण स्त्रियांच्या खाटांपाशी जाऊन बसू लागल्या. त्यांच्या 'रीच टू रिकव्हरी' या उपक्रमातल्या स्वयंसेविका बरोबर एक रबरी चेंडू आणि एक दोर नेत, हाताच्या व्यायामासाठी. पुढे १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो उपक्रम आपलासा केला. चेंडू आणि दोर कोणत्याही दुकानात मिळाले असते. पण ते देणारीचा स्वतःचा हात एकदा अडलेला होता आणि आता तो वर जात होता, ही गोष्ट दुकानात मिळत नाही.

एवढे झाल्यावरही माझ्या मनात एक बोच राहते, आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. वहिनींना साताऱ्याला नेणारे कोणी होते, एस.टी.चे भाडे होते, शेतावर न जाता घरी थांबण्याची सवड होती. भारतातल्या स्त्रियांत आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. किती जणी मुंबईहून गाडीत बसून कोठल्या गावी परततात, तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या काखेत दोरी उठते, आणि त्या कोपर कमरेशी धरून खुरपणीला जातात! त्यांतल्या काहींचा हात पुरता वर जाणारच नाही. त्यांना 'भिंतीवर चढा' एवढेच सांगून मोकळे होणे हीही एक क्रूरताच आहे. अशा घरी चुलीवरची फळी खाली आणणे, पाण्याची घागर लहान करणे, हा न्यायच आहे. म्हणजे दांडी खाली घेणे हे नेहमीच चूक असते असे नव्हे. कोणाचा हात कधी वर जाणार नाही असे मनाशी ठरवून, त्याला न विचारता ती खाली घेणे, ही चूक. 'म्हणजे ठरलं म्हणायचं,' असे वहिनी म्हणाल्या होत्या. ठरविण्याचा अधिकार माझा नव्हता, हेच त्या मला सांगत होत्या. आणि मला ते कळायला दोन महिने लागले.

किरणोपचार ठरलेल्या तारखेहून नऊ दिवस उशिरा सुरू झाले. त्या टेबलावर हात डोक्यावर ठेवून वहिनी एकूण पंधरा वेळा निजल्या. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर हिने विचारले, "दुखलं का?" त्या म्हणाल्या, "दुखलं. पण राहिला."

परतल्यावर चार दिवसांनी त्यांनी स्वतःच सुताराला निरोप धाडला. मला वाटले, दांडी पूर्वीच्या जागी न्यायची असेल. तसे नव्हते. त्यांनी खालची दांडी तशीच ठेवली आणि जुन्या कड्यांत दुसरा बांबू अडकवून घेतला. आता आमच्या पडवीत दोन दांड्या आहेत. चादरी, सतरंज्या आणि ओली जड कापडे खालच्या दांडीवर असतात. त्यांचे स्वतःचे पातळ बहुधा वरच्या. कधी कधी, हात भरून आल्यासारखा वाटतो त्या दिवशी, तेही खालीच दिसते. कोणत्या दिवशी कोणती दांडी, हे मी आता विचारीत नाही.